माझ्या चांदीच्या मागोमाग चार दिवस

उचगावच्या एका सप्लायरनं कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेला वापरलेली नळी कोरी म्हणून विकली आणि त्या नळीचा दोष माझ्या चांदीवर ढकलला. फसली प्रयोगशाळा, बदनाम झाले मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई चार दिवस कोल्हापुरात कशासाठी तणतणत होती, असा प्रश्न कुणाला पडायला नको.

आमचं गाव हुपरी. घराघरात चांदीची पैंजणं होतात. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच्या घरच्या सोप्यात बसून मी पैंजणाच्या कड्या जोडत होते. आज माझ्या स्वतःच्या कारखान्यात बारा माणसं बसतात. हे मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. कारखान्याच्या दारावर मी एकच ओळ रंगवून घेतली आहे: इथं शिसं चालत नाही. पूर्वी चांदी शुद्ध करायला तिच्यात शिसं घालून आटवायचे. शिसं सगळी घाण स्वतःत ओढून घेतं, चुलीच्या मातीत मुरतं आणि वर चांदी लखलखत राहते. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या नानांनी उभी हयात तो धूर घेतला. शेवटी शेवटी त्यांना चहाची बशी दोन्ही हातांनीसुद्धा स्थिर धरता येत नव्हती. म्हणून माझ्याकडं शिसं शिवलेली मूस परत चुलीवर चढत नाही. तिच्यावर चुन्याची फुली मारायची आणि हातोड्यानं फोडून टाकायची.

अशा माझ्याकडं एक दिवस तो सप्लायर छापील कागद घेऊन आला. कोल्हापुरातल्या कुणा मॅडमनी माझी चांदी वापरून कसलासा पातळ थर बनवला होता, आणि त्यात शिसं सापडलं होतं. चांदीचे दाणे माझ्याकडून नेऊन त्यांना पोचवणारा हाच. कागद मला दाखवायच्या आधी त्यानं तो चौकातल्या चहाच्या गाड्यावर फिरवला होता. आठ दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. चौथ्यानं पाठवला नाही, पण फोनवर हसला. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले.

पहिला दिवस: चांदीचं पाणी

हुपरीहून कोल्हापूर हा काय प्रवास झाला, असं म्हणाल. खरं आहे. अंबाबाईला, बाजाराला, दवाखान्याला मी हजारदा गेले असेन. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत एसटी उचगावात शिरली की शहर आलं, एवढंच मला ठाऊक. पण शहराच्या पलीकडच्या टोकाला जिथं ही प्रयोगशाळा आहे, तिथं मी कधीच गेले नव्हते. मोठं आवार, निलगिरीची झाडं, आणि दोन मोर असे चालत होते की जसे काही तिथं नोकरीला आहेत.

प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायला लावल्या. आमच्याकडंही चांदीच्या खोलीत चपला चालत नाहीत. फरक एवढाच, की आमच्याकडं आतली धूळ बाहेर जाऊ नये म्हणून, कारण त्या धुळीत चांदी असते. त्यांच्याकडं बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मी एवढंच विचारलं, "माझ्या चांदीला खोटी म्हणणारं कोण ते?"

दारात एक मिशीवाले गृहस्थ उभे होते. हे दिनकरराव, तिथली भट्टी सांभाळणारे, शिवाजी पेठेतले, निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, "आवो आक्का, आत तरी या की. भांडण काय, बसून बी करता येतंय."

"बसायला वेळ न्हाय मला."

"मग पाणी तरी उभ्यानं प्या."

तेवढ्यात आतून पांढरा कोट घातलेल्या बाई आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज हळू. सुजाता मॅडम त्या ह्याच.

"तुमची चांदी खोटी असं मी कुठंच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "थरात शिसं आहे, एवढं लिहिलं. चांदी तुमची होती म्हणून, ती कुठून आली हे सप्लायरला विचारलं."

"तुमी इचारलं त्याला. त्यानं सांगितलं अख्ख्या हुपरीला."

मॅडमचा चेहरा उतरला. हे त्यांना माहीत नव्हतं, हे मला पाहताक्षणी कळलं. समोरच्याचा चेहरा वाचता आला नसता तर मी अजून कड्याच जोडत असते. पण कळलं म्हणून मी राग सोडला नाही. म्हटलं, "माझी चांदी तुमी कशात घालता, कुठं भाजता, कोण हात लावतंय, सगळं मला डोळ्यानं बघायचंय."

"चार दिवस लागतील."

"दोन दिसांत करा."

"थर घाईनं होत नाही."

"तीन."

"चार," मॅडम म्हणाल्या, "आणि मोजमाप चालू असताना बोलायचं नाही."

मी चार दिवसांना कबूल झाले. न बोलण्याला झाले नाही.

चांदीचे दाणे मी रुमालात बांधून स्वतःच नेले होते. मॅडमनी ते काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवले. मी जवळ वाकून श्वास सोडला तर आकडा हलला. आमच्या तराजूवर माणूस बसला तरी चालतं, असं वाटून मला हसू आलं. मग दाणे तेजाबात टाकले. तांबूस धूर निघाला, तो एका कपाटातल्या पंख्यानं ओढून नेला. हे मला नवं नव्हतं. तेजाब आमच्या घरचंच. नवं होतं ते पुढचं. चांदी विरून गेली, पाणी नितळ झालं, ते आटवलं आणि भांड्याच्या तळाशी पांढरे खडे राहिले, मिठासारखे. ते मॅडमनी दुसऱ्या एका द्रावात विरघळवले. निओबियम नावाचा धातू त्यात होता. मी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आता तो आमच्या कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे.

चहाला बसलो तेव्हा मी विचारलं, "पर ह्याचं करता काय?"

मॅडम म्हणाल्या, "चांदी वितळते तेव्हा काय होतं?"

"पाणी हुतंय. एका क्षणात हुतंय. आदी ढेकळं, मग कडा ढासळत्यात आनि मग एकदम आरसा."

"तसंच. पदार्थ एका अवस्थेतून दुसरीत जातो. तो उष्णतेनं जातो. आम्ही थर थंड ठेवतो आणि विजेनं नेतो."

"म्हंजे विजेनं वितळतंय?"

"नाही, घट्टच राहतो. आतल्या अणूंच्या बसायच्या जागा बदलतात."

मला काही समजलं नाही हे त्यांना दिसलं असावं. नमुना म्हणून माझ्या पिशवीत एक पैंजण असतंच. ते त्यांनी मागून घेतलं आणि टेबलावर ताणलं. साखळीत एक कडी आडवी, एक उभी, परत आडवी, परत उभी. बोट ठेवत त्या म्हणाल्या, "एका रांगेतले अणू थोडे वर सरकलेले असतात, शेजारच्या रांगेतले तेवढेच खाली. वर आणि खाली मिळून बेरीज शून्य. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत काही घडतच नाही. पण वीज पुरेशा जोरानं लावली, की सगळ्या रांगा एकदम एकाच बाजूला झुकतात. वीज काढली की परत आपापल्या जागेवर. तुमची चांदी आणि तो निओबियम मिळून हे करतात."

"आनि शिसं?"

"असे गुण दाखवणारे पदार्थ वापरात आहेत ते बहुतेक शिशाचेच. दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या यंत्रातसुद्धा. ते फेकले की शिसं मातीत जातं. आम्हाला शिशाशिवाय करायचंय. सगळं काम तेवढ्यासाठीच आहे. म्हणून त्यात शिसं निघालं तेव्हा..." 

मी त्यांना माझ्या दारावरची ओळ सांगितली. मॅडमनी पैंजणाची एक कडी बोटानं फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "माझी आई पट्टणकोडोलीला घरी बसून असलीच पैंजणं जोडायची. घुंगरू भरायची. दिव्यावर फुंकणीनं सांध्यांना डाग द्यायची."

"कुणाच्या कारखान्याची?"

"ते आम्ही कधी विचारलं नाही."

मीही पुढं विचारलं नाही. त्या गावातल्या बायकांकडं माझंही काम जायचं.

दुसरा दिवस: पिवळी नळी

मुक्काम शिवाजी पेठेत, नणंदेकडं. सकाळी तिनं मिसळ खायला नेलं. हुपरीत माणूस सकाळी काम मांडतो. पेठेत माणूस सकाळी काल संध्याकाळची मॅच मांडतो. शेजारच्या बाकावर दोन तालमींची माणसं फुटबॉलवरून अशी भांडत होती, की मला वाटलं आता ताटल्या उडणार. मग एकानं दुसऱ्याच्या मिसळीत स्वतःच्या वाटीतला कट ओतला आणि म्हणाला, "खा, रड आता." दोघंही हसले. मला हे जमत नाही. माझं भांडण झालं की आठवडाभर चालतं.

प्रयोगशाळेत त्या दिवशी थर द्यायचा होता. प्लॅटिनमचा मुलामा दिलेला, नखाएवढा चकचकीत तुकडा. तो एका फिरकीवर बसवला. मॅडमनी त्यावर द्रावाचा एक थेंब सोडला आणि फिरकी अशी गरगरली की तुकडा दिसेनासा झाला. थांबली तेव्हा थेंब गायब.

"उडालं की सगळं!" मी म्हटलं.

"उडायचं ते उडालं. राहायचं तेवढं राहिलं," मॅडम म्हणाल्या आणि तुकडा तिरका धरला. त्याच्यावर मोरपिसासारखा निळा-जांभळा रंग पसरला होता. पाण्यावर तेल पडल्यावर दिसतो तसा. असे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळवायचा, भाजायचा, आणि सगळे मिळूनही केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ. आम्ही चांदीची तार ओढतो तेव्हा केसाएवढी झाली की फुशारकी मारतो. 

मला त्यात चांदी कुठंच दिसेना. पांढरी नाही, चकाकी नाही, वाजत नाही. तीस वर्षं जी हातात खेळवली ती वस्तू समोर होती आणि मी तिला ओळखत नव्हते. मॅडम म्हणाल्या, "भाजताना ऑक्सिजन सोडावा लागतो. तो कमी पडला तर चांदी हे नवं रूप टाकून देते आणि परत नुसती चांदी होऊन बाहेर येते." हे ऐकून मला उगीचच तिचा अभिमान वाटला.

भाजायची भट्टी दिनकररावांच्या ताब्यात. आडवी भट्टी, तिच्यातून आरपार गेलेली चिनी मातीसारखी पांढरी नळी, नळीच्या एका तोंडाला ऑक्सिजनची बारीक पाइप. तुकडा एका होडीसारख्या भांड्यात ठेवून ते नळीत सारणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. जरा बॅटरी दावा आत."

"आक्का, आत काय साप हाय व्हय?"

"दावा तर."

त्यांनी मोबाइलचा उजेड टाकला. तोंडाशी नळी पांढरीशुभ्र होती. हात पोचेल तिथपर्यंत कुणीतरी घासलेली. पण मधोमध, जिथं भट्टीची आच सगळ्यात जास्त, तिथं आतल्या अंगाला पिवळसर झिलई होती. बरणीला असते तशी गुळगुळीत.  हा पिवळा मी नानांच्या चुलीत रोज बघितला होता. शिसं जळून मातीत मुरतं तेव्हा हाच रंग राहतो. आम्ही त्याला मुरदाडशिंग म्हणतो.

"ही नळी कवाची?"

"चार म्हैनं झालं. कोरी हाय," दिनकरराव म्हणाले. "पयल्यांदा तापवली तवापास्नं हाय तो डाग. मला वाटलं, नळीचाच रंग हाय."

"दिली कुणी?"

दिनकररावांनी नाव घेतलं. तोच, उचगावचा. माझा आवाज चढला, इतका की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. मॅडम मला म्हणाल्या, "आक्का, रंगावरून सिद्ध होत नाही."

"कशावरनं हुतंय मग?"

"अजून एक थर करू, नळीत भाजू, शिसं आलं का बघू."

"आलं तर परत माझ्याच चांदीचं म्हणाल!" मी म्हटलं. "माझी चांदी घालूच नका. काय बी घालू नका. थर न दिलेला नुसता तुकडा ठेवा नळीत, रिकाम्या ताटलीगत. तेवढाच वेळ, तेवढीच आच. बघू तिच्यावर काय बसतंय."

मॅडम एकदम थांबल्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला, अगदी घरातल्या बाईनं लावावा तसा. म्हणाल्या, "हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते मी हे. बिलावर 'नवी' लिहिलं होतं म्हणून..."

"बिलाव काय बी लिवतंय माणूस," दिनकरराव म्हणाले. सगळ्यात जास्त ते दुखावले होते. भट्टी त्यांची. काही न चढवलेला एक कोरा तुकडा त्यांनी चिमट्यानं उचलला आणि देवाला नैवेद्य ठेवावा तसा नळीत ठेवला.

तिसरा दिवस: रिकाम्या ताटलीवर

तपासणीचं यंत्र दुसऱ्या इमारतीत. तुकडा आत ठेवायचा, त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि पडद्यावर सुळके उगवतात. प्रत्येक धातूचा सुळका ठरलेल्या जागी. प्लॅटिनमचा आला, मोठा. मग त्याच्या शेजारी, मॅडमनी आधीच बोट ठेवलं होतं त्या जागी, एक बारकासा सुळका हळूहळू वर आला. भिंतीतून कोंब यावा तसा.

"शिसं," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मुद्दाम दुसरी जागा दाखवली. "इथं चांदी दिसली असती. काही नाही."

मी आरडाओरडा करीन असं त्यांना वाटलं असावं. मी पडद्याच्या जवळ सरकले. दहा-बारा दिवस ज्या शिशानं मला झोपू दिलं नव्हतं ते असं माझ्यासमोर, नावानिशी, एका काडीसारखं उभं होतं. डोळ्यांना न दिसणारं, ताटलीच्या अंगाला श्वासासारखं लागलेलं शिसं. आणि ते यंत्र त्याला बोट धरून बाहेर आणत होतं. नानांच्या काळात असलं यंत्र असतं आणि त्यांच्या हातांवर धरलं असतं तर केवढा सुळका आला असता, हा विचार मनात आला आणि मी बाहेर जाऊन निलगिरीखाली उभी राहिले.

दुपारी दिनकररावांनी ती नळी काढली. मी पर्समधून खडू काढून तिच्यावर फुली मारली. हातोडा मागितला तर मॅडमनी नळी पाठीमागं घेतली. "फोडायची नाही. पुरावा आहे." हे मात्र त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडं आम्ही पुरावे फोडून टाकत आलो.

एक लहान भट्टी होती, तिची नळी खरोखरची कोरी. तिला ऑक्सिजनची पाइप जोडायला दिनकररावांना अडीच तास लागले, जोड बसेना. शेवटी मी माझ्या नमुन्याच्या पैंजणाचा मळसूत्राचा खिळा काढून दिला तेव्हा पाइपचा चिमटा घट्ट बसला. जेवायला उशीर झाला. मॅडमच्या डब्यात भाकरी आणि खर्डा, दिनकररावांच्या डब्यात मटण, माझ्याकडं नणंदेनं दिलेल्या दशम्या. तिघांनी डबे मधे सरकवले. मॅडमनी मटणाचा रस्सा माझ्या दशमीवर घालत विचारलं, "एवढं तिखट चालतंय न्हवं आक्का?" बोलता बोलता त्यांच्या तोंडी आमची बोली आली होती. मी ते त्यांना सांगितलं नाही.

चौथा दिवस: विजेची घासाघीस

आता जे सांगणार आहे ते मला नीट सांगता येईल का, याची शंका आहे. मी पुस्तकं लिहिणारी नव्हे.

नव्या नळीत भाजलेला थर सकाळीच क्ष-किरणांच्या यंत्रात तपासला होता, शिशाचा सुळका आला नव्हता. मग त्याच्यावर सोन्याचे ठिपके दिले, मोहरीहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली एका ठिपक्यावर सुईचं टोक टेकवलं. मॅडम वीज वाढवणार आणि आतले अणू किती झुकले ते पडद्यावर रेघेनं उमटणार.

"किती वीज?"

"सुरुवातीला एक-दोन व्होल्ट. घड्याळाच्या सेलइतकी."

"एवढ्यानं काय हुणार?"

"थर इतका पातळ आहे, की तेवढ्याचाही जोर प्रचंड होतो. हाच थर बोटाएवढा जाड असता तर तेवढ्याच जोरासाठी लाखो व्होल्ट लागले असते."

रेघ निघाली. सपाट. वीज वाढली, रेघ जरा वर सरकली, पण सरळच. अजून वाढली. सरळच. मला वाटलं, झालं, माझी चांदी हट्टी निघाली. गिऱ्हाईक असं बसतं ना, तुम्ही वाढवत जाता आणि ते मान हलवत राहतं. मी न राहवून म्हटलं, "अजून वाढवा. देतंय ते. आत्ता देतंय."

"गप बसा वो आक्का," दिनकरराव कुजबुजले.

आणि रेघ उसळली.

हळूहळू नाही. एकदम. जिथं इतका वेळ काहीच होत नव्हतं तिथं उभा चढ. आतल्या सगळ्या रांगा, कोट्यवधी असतील, एका क्षणात एका बाजूला झुकल्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, ऊब नाही. टेबलावर ठेवलेला माझा चहा थंडच होता. तीस वर्षं मी चांदीला बदलताना बघितलं ते आगीत बघितलं. घाम, फुंकणी, लाल डोळे. आणि इथं ती न वितळता, न तापता, नुसत्या बोलावण्यानं दुसरीच झाली.

मॅडम वीज कमी करू लागल्या. मला वाटलं, ज्या वाटेनं वर गेली त्याच वाटेनं खाली येईल. नाही आली. जिथं कबूल झाली होती ती जागा मागं पडली, तरी ती झुकलेलीच राहिली. बरंच खाली आल्यावर मग एकदम सुटली आणि शून्यावर आली. मग उलट्या बाजूनं वीज, आणि खाली तसाच दुसरा फेरा. पडद्यावर एकाच रेघेच्या दोन टोकांना दोन लांबट मणी ओवल्यासारखं चित्र तयार झालं.

"कबूल व्हायची जागा येगळी, मागं फिरायची येगळी," मी म्हटलं.

"हो," मॅडम म्हणाल्या.  चार महिने त्यांना हे चित्र दिसलं नव्हतं. "आणि वर जाताना जेवढं घेते त्यातलं बहुतेक परत देते. तेही पापणी लवायच्या आत. वीज साठवायला म्हणूनच हा थर चांगला."

"बहुतेक म्हंजे? उरलेलं?"

त्यांनी मण्याच्या आतल्या जागेवर बोट ठेवलं. "जायची वाट आणि यायची वाट, यांच्यामधलं एवढं उष्णता होऊन वाया जातं."

"म्हंजे मधल्या माणसाची दलाली."

मॅडम इतक्या हसल्या की सुई हलली. दिनकरराव म्हणाले, "ती उचगावात जाती."

मी आयुष्यभर घासाघीस केली. माणूस कुठं नमतो, नमल्यावर किती वेळ नमलेला राहतो, हे मी अनुभवानं शिकले आणि वाटायचं, ही माणसाचीच खोड आहे. केसाहून पातळ थरात, जिथं माणूस नाही, मन नाही, तिथंही नमायची जागा आहे आणि परत फिरायची वेगळी जागा आहे. जग निर्माण झालं तेव्हापासून असेल. मी पडद्याकडं बघत राहिले. अंबाबाईच्या गाभाऱ्यात मी इतकी गप्प कधी झाले नसेन.

मग माझा स्वभाव आडवा आला. म्हटलं, "अजून थोडी वाढवून बघा की."

"थर सोसणार नाही."

"दोनच."

"आक्का, नको."

"बरं, एक."

मॅडमनी एक व्होल्ट वाढवला. सूक्ष्मदर्शकात ठिपक्यावर बारीक ठिणगी उडाली आणि तिथं काळा खड्डा पडला. रेघ कोसळली. माझ्या हातून काय झालं ते कळून मी खुर्चीतच आक्रसले. "पंचवीस ठिपके आहेत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "चोवीस राहिले. पण आता कळलं ना, वाढवायचं कुठं थांबवायचं?"

निघायच्या आधी मला नवा कागद हवा होता. मॅडमनी लिहिलं: चांदीमुळे दोष आला असण्याची शक्यता फार कमी. मी म्हटलं, "कमी न्हाय. न्हाईच म्हणून लिवा."

"'नाहीच' असं मला म्हणता येत नाही. जे मोजलं तेवढंच लिहिता येतं."

"मी बघितलं की डोळ्यानं!"

"मीही बघितलं. म्हणूनच जपून लिहिते."

अर्धा तास आम्ही शब्दांवर बसलो. शेवटी ठरलं ते असं: 'रिकाम्या तुकड्यावर नळीतून शिसे आले. या चांदीच्या, नव्या नळीत भाजलेल्या थरात शिसे आढळले नाही.' दोन वाक्यं. खाली सही, तारीख. मी नेहमी जेवढं मागते त्याहून कमी मिळालं, पण त्यातला एक शब्दही कुणाला हलवता येणार नाही. पहिल्या कागदाबद्दल आपण चांदीवाल्यांना थेट विचारायला हवं होतं, असंही त्यांनी स्वतःहून लिहून दिलं. ते मी मागितलं नव्हतं.

परतताना: उचगाव

एसटीतून मी उचगावात उतरले. सप्लायर दुकानातच होता. "या की आक्का! चहा सांगू?"

मी कागद टेबलावर ठेवला. त्यानं वाचला. "नळी कोरीच दिलती. बिल हाय माझ्याकडं."

"बिल कोरं आसंल. नळी न्हवती."

"आवो, ह्या विज्ञानातल्या गोष्टी. तुमी पैंजणं करणारी माणसं, तुमास्नी काय कळतंय त्यातलं?"

"मुरदाडशिंग कळतंय."

त्याची नजर एकदा मागच्या दाराकडं गेली. तेवढं मला पुरलं. मी त्या दारातून मागं गेले. परसात पोत्यावर तसल्याच सात-आठ नळ्या उन्हात वाळत घातल्या होत्या, तोंडाशी पांढऱ्याशुभ्र. शेजारी घासायचा दगड, तारेचा ब्रश, आणि बादलीत पिवळसर पाणी. ते पाणी ओघळून गटारीला लागलं होतं.

"हे घासतंय कोण?"

"हाय एक बाई. सकाळी येती, घासून जाती."

"हातमोजं?"

तो हसला. "आक्का, बायका घरात भांडी घासत्यात. हातमोजं घालत्यात व्हय?"

कोल्हापुरातून निघताना त्याला सुनवायला मी शंभर वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी बादली पायानं बाजूला सरकवली, नळ्यांचा फोटो काढला आणि एसटीच्या थांब्यावर आले. त्या बाईचं नावसुद्धा त्यानं सांगितलं नाही. त्यालाच ते माहीत नसेल, असं मला वाटतं.

आता त्याला सांगायचं ते इथं सांगते, कारण हे हुपरीत वाचलं जाईल आणि उचगावातही.

ज्या चहाच्या गाड्यावर पहिला कागद फिरवलास तिथं ये, आणि त्याच माणसांसमोर हा दुसरा कागद मोठ्यानं वाच. दोनच वाक्यं आहेत. आणि मला सांग, ती बाई कोण, किती वर्षं घासते, आणि आज तिच्या हातात चहाची बशी दिली तर ती स्थिर राहते का.

कागद वाचायला चार दिवस उशीर केलास तर मी थांबेन. त्या बाईचं सांगायला नाही. त्याचं उत्तर आजच दे.